खोल समुद्रातली लाल कोळंबी: जात ओळखायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी एका विद्यार्थिनीने केरळात कोल्लमजवळच्या शक्तिकुलंगरा बंदरावरून खोल समुद्रातल्या कोळंबीचे ४० नमुने आणले. सगळे लाल, बहुतेकांच्या डोक्यावर लांब काटा. ओळखकिल्ली, म्हणजे एकेक खूण विचारत नावापर्यंत नेणारी पायऱ्यांची यादी, घेऊन बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच गाडी अडते. त्यांपैकी सात नमुन्यांचा डीएनए तपासला, तर दोन वेगळ्या जातींशी ९९ टक्के जुळणी आली: प्लेसिओनिका स्पायनिपेस आणि प्लेसिओनिका क्वासिग्रँडिस. जुन्या अहवालांत मात्र पॅरापँडालस स्पायनिपेस लिहिलेलं. विश्वास कशावर ठेवायचा?

मी हे काम बावीस वर्षं करते आहे. तुम्ही जिथे अडकलात तिथे मीही पहिली दोन वर्षं अडकले होते, आणि कारण तेच होतं. आपण हातात नमुना घेतो आणि नाव शोधायला लागतो. आधी प्राणी नीट बघायचा असतो: तो नर आहे का मादी, पूर्ण वाढलेला आहे का पिल्लू, कुठे मोडलेला आहे. हे कळल्याशिवाय किल्ली उघडली तर ती चुकीच्या दारापाशी नेते. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द स्पीशीजसाठी वापरतात. मराठी शास्त्रीय परिभाषेत जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. मी परिभाषेप्रमाणे लिहिते. हेटेरोकार्पस ही प्रजाती, हेटेरोकार्पस वुडमेसोनी ही जाती.

आता लाल रंग. घरी कोळंबी कढईत पडली की लाल होते, कारण कवचातलं अ‍ॅस्टाझँथिन नावाचं रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं आणि उष्णतेने ते सुटतं. खोल पाण्यातली कोळंबी जिवंतपणीच लाल असते. सूर्यप्रकाशातला लाल भाग पाण्याच्या वरच्या थरांतच शोषला जातो, त्यामुळे ३०० मीटरवर लाल प्राणी काळा पडतो आणि कोणाच्या नजरेत येत नाही. हा फायदा एकमेकांशी फार लांबचं नातं असलेल्या कुळांनी घेतला आहे. म्हणजे लाल रंगावरून 'खोल पाण्यातली' एवढंच कळतं, नातं कळत नाही. पण लाल रंगाचे पट्टे, ठिपके, पायांवरचे आडवे कडे, अंड्यांचा रंग हे सगळं जातीनुसार बदलतं आणि फार उपयोगी पडतं. चॅन आणि क्रॉनिए या दोन कोळंबी-अभ्यासकांनी १९९१ साली प्लेसिओनिका नार्वाल आणि तिच्या जवळच्या जातींचा अभ्यास केला, तेव्हा एकाच नावाखाली मिसळून गेलेल्या नमुन्यांतून सहा नव्या जाती वेगळ्या काढल्या. त्यात ताज्या नमुन्यांच्या रंगाचा मोठा वाटा होता. तुमचे नमुने अल्कोहोलमध्ये गेलेत, म्हणजे रंग आता त्या अल्कोहोलमध्येच उतरला असेल. पुढच्या वेळी बाटलीत टाकण्याआधी फोटो काढा. काळ्या मखमली कापडावर, वर थोडं पाणी ठेवून, डाव्या कुशीवरून. बोट धक्क्याला लागून माल उतरायला सुरुवात झाली की पहिली टोपली बघा, बर्फात दिवसभर राहिलेली नको.

चला, चाळीस नमुने ताटात काढा आणि फक्त दोन ढीग करा. पोटाचे, म्हणजे शेपटीकडच्या भागाचे, सहा खंड असतात. प्रत्येक खंडाच्या बाजूला एक पाळी खाली लोंबते. त्यांतली दुसरी पाळी बघा. ती पहिलीच्या मागच्या कडेवर आणि तिसरीच्या पुढच्या कडेवर, दोन्हींवर चढलेली असेल, तर ती कॅरिडिया. पहिली दुसऱ्यावर, दुसरी तिसऱ्यावर, अशी ओळीने कौलांसारखी रचना असेल, तर ती पिनीड गटातली. भिंगही लागत नाही. खात्री करायची तर पाय बघा: पिनीडांच्या चालण्याच्या पहिल्या तीन जोड्यांना चिमटे असतात, कॅरिडियांच्या तिसऱ्या जोडीला चिमटा कधीच नसतो. कल्ले उघडले तर पिनीडांचे फांद्याफांद्यांचे, कॅरिडियांचे पुस्तकाच्या पानांसारखे.

हे हाताला बसवायचं असेल तर मासळीबाजारात जा. आपली नेहमीची समुद्री कोळंबी पिनीड, आणि मुंबई-पालघरकडे मिळणारी अंबाड कॅरिडिया. कोळंबी अंडी पाण्यात सोडून देते, म्हणून तिच्या पोटाखाली अंड्यांचा गुच्छ कधी सापडत नाही. अंबाडीच्या मादीच्या पोटाखाली, पोहण्याच्या पायांना चिकटलेला, सापडतो. गोड्या पाण्यातला मोठा झिंगाही तसाच. खोल समुद्रात नियम तोच आहे. पोटाखाली अंडी दिसली की पिनीड बाद. मी विद्यार्थ्यांना पहिले दोन दिवस मायक्रोस्कोप देतच नाही, कोळंबी आणि अंबाड घेऊन बसवते.

पिनीड ढीग बहुधा लहान निघेल. त्यात तीन गोष्टी मिळण्याची शक्यता जास्त. डोक्यावरच्या छोट्या मिशा चपट्या, पन्हळीसारख्या, एकत्र धरल्या की नळी होणाऱ्या असतील तर ती सोलेनोसेरा. चिखलात पुरून बसलेली असताना ती या नळीतून श्वासाचं पाणी ओढते. केरळच्या मालात बहुतेक वेळा सोलेनोसेरा हेक्स्टी असते. दुसरी मेटापीनिऑप्सिस अंदमानेन्सिस. तिचा नर सापडला तर पहिल्या पोहण्याच्या पायांमधला जोडलेला पडद्यासारखा अवयव, पेटाझ्मा, भिंगाखाली बघा. इतर पिनीडांत तो डावा-उजवा सारखा असतो, मेटापीनिऑप्सिसमध्ये दोन्ही बाजू वेगळ्या. तिसरी अ‍ॅरिस्टियस अल्कॉकी, बाजारात सगळ्यांत जास्त भाव खाणारी, अन्न आणि कृषी संघटनेच्या यादीतली 'अरेबियन रेड श्रिम्प'.

अ‍ॅरिस्टियसपाशी थांबा, कारण इथे दरवर्षी तीच चूक होते. मादी नरापेक्षा बरीच मोठी, आणि तिचा डोक्यावरचा काटा, म्हणजे रोस्ट्रम, लांब. पूर्ण वाढलेल्या नराचा तोच काटा आखूड. वाढ पूर्ण न झालेल्या नराचा मात्र मादीसारखा लांब. तिन्ही ताटात शेजारी ठेवले तर कोणीही तीन जाती म्हणेल. काट्याच्या वरच्या कडेला दात मात्र तिन्हींत तीनच. म्हणून आधी लिंग ठरवायचं: पहिल्या पोहण्याच्या पायांना पेटाझ्मा असेल तर नर, चालण्याच्या शेवटच्या पायांच्या मुळाशी छातीखाली थेलिकम, म्हणजे नराचं शुक्र घेणारा अवयव, असेल तर मादी. वहीत नमुना क्रमांकापुढचा पहिला रकाना लिंगाचाच ठेवा.

आता मोठा ढीग, कॅरिडिया. चालण्याच्या दुसऱ्या जोडीचा पाय चिमट्याने उचलून सरळ करा. चिमट्यामागचं मनगट बारीक बारीक मण्यांच्या माळेसारखं अनेक सांध्यांत विभागलेलं दिसतं का? आणि पहिल्या जोडीला चिमटा जवळजवळ नाहीच असं वाटतं का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर खोल पाण्यातल्या तुमच्या मालापुरतं ते पँडालिडी कुल समजा. दोन्ही जोड्यांना नीट चिमटे आणि मनगट एकसंध असेल, पाठीवर उभी धार असेल, रंग गडद रक्तासारखा असेल, तर अ‍ॅकॅन्थेफायरा. पाय काडीसारखे लांबलचक असतील तर नेमॅटोकार्सिनस, अंगावर चिलखत असेल तर ग्लिफोक्रँगॉन. हे दोन थोडेच येतात आणि एकदा पाहिले की विसरत नाहीत.

पँडालिडीत डोक्याच्या कवचाच्या बाजूला लांबीभर उभ्या कडा असतील तर हेटेरोकार्पस. नसतील तर बहुधा प्लेसिओनिका. बोट फिरवलं तरी कळतं, आणि हेटेरोकार्पसचं कवच कडक असल्यामुळे बोटाला खरवडतंही. नावातच खूण आहे: हेटेरो म्हणजे वेगळं, कार्पस म्हणजे मनगट. दुसऱ्या जोडीचा एक पाय लांब आणि बारीक, दुसरा आखूड. केरळात हेटेरोकार्पसच्या ज्या दोन जातींची विद्यार्थी सर्वांत जास्त गल्लत करतात, त्या कुशीवरून बघताच सुटतात. पोटाच्या तिसऱ्या खंडाच्या पाठीवर, खंडाच्या मध्यावरून उठलेला एकच मोठा काटा असेल तर हेटेरोकार्पस वुडमेसोनी. तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही खंडांच्या मागच्या टोकाला काटा असेल तर गिबोसस किंवा तिच्या जवळची जात. 'जवळची जात' हे शब्द मी मुद्दाम लिहिते. गिबोससचं वर्णन १८८८ साली स्पेन्स बेट यांनी चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाच्या संग्रहावरून केलं, आणि तिच्या आसपासच्या नमुन्यांतून नंतर आणखी जाती वेगळ्या निघाल्या आहेत. ली यांनी २००६ साली हेटेरोकार्पस चानी प्रसिद्ध केली. म्हणून १९९० चं पुस्तक घेऊन गिबोससवर थांबू नका.

प्लेसिओनिका ही खरी अवघड जागा. इथे काट्याच्या वरच्या-खालच्या दातांची संख्या आणि त्यांतली अंतरं, तिसऱ्या पायाच्या नखीची तिच्या मागच्या भागाशी तुलना, दुसरी जोडी सारखी की असमान, मनगटाचे सांधे किती, असं सगळं मोजावं लागतं. आणि त्याआधी एक गोष्ट बघावी लागते. कल्ल्यांवरचं झाकण डाव्या बाजूने कापून वर उचला. चालण्याच्या पायांच्या मुळाशी आकड्यासारखी लहान पाती, एपिपॉड, आहेत का? ती इतकी लहान असतात की नमुना पाण्यात बुडवून, प्रकाश एका कुशीने टाकूनच दिसतात. कोरड्या नमुन्यावर कल्ल्यांच्या पानांत लपतात. माझ्याकडच्या एका मुलीने बारा नमुन्यांत 'नाहीत' असं लिहिलं होतं. बशीत पाणी ओतलं, दिव्याची मान वाकवली, आणि पहिल्याच नमुन्यात चार आकडे एका रांगेत उभे राहिले. ही पाती नसलेल्या जातींना पूर्वी पॅरापँडालस अशी वेगळी प्रजाती मानत. फेनर चेस यांनी १९८५ मध्ये फिलिपिन्सच्या अल्बाट्रॉस मोहिमेच्या संग्रहावर काम करताना ती प्लेसिओनिकात मिसळून टाकली.

तुमच्या कोड्याचा निम्मा भाग इथे सुटतो. पॅरापँडालस स्पायनिपेस आणि प्लेसिओनिका स्पायनिपेस ही एकाच जातीची जुनी-नवी नावं. उरलं क्वासिग्रँडिस. हे नाव चेस यांनी त्याच १९८५ च्या ग्रंथात दिलं. म्हणजे १९७० च्या दशकात केरळच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्यांकडे ते नाव असूच शकत नव्हतं. त्यांच्या हातातल्या पुस्तकांत सगळ्यांत जवळचं नाव स्पायनिपेस होतं, ते त्यांनी दिलं, आणि त्या काळच्या माहितीवर ते प्रामाणिक काम होतं. नंतरच्या याद्यांनी ते नाव तसंच उचललं. केरळच्या मालातला बराच भाग आज क्वासिग्रँडिस म्हणून ओळखला जातो. जुना अहवाल वाचताना नावाशेजारचं वर्ष बघा, आणि त्या वर्षी कोणकोणती नावं अस्तित्वात होती हे बघा.

डीएनएच्या दोन उत्तरांचं कारणही त्यालाच लागून आहे. जाती ओळखायला नेहमी वापरतात त्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा तुम्ही डीएनए-नोंदींच्या जागतिक संग्रहाशी ताडला. संग्रहातल्या प्रत्येक तुकड्यावरचं नाव तो पाठवणाऱ्याने लिहिलेलं असतं. त्याने जुन्या यादीवरून स्पायनिपेस लिहिलं असेल, तर यंत्र तेच परत सांगणार. तेव्हा '९९ टक्के स्पायनिपेस' याचा अर्थ एवढाच, की कोणीतरी स्पायनिपेस म्हटलेल्या प्राण्याशी तुमचा प्राणी जुळतो. दोन्ही नावांशी सारखीच जुळणी येते तेव्हा बहुधा एकाच प्राण्यावर दोन पाट्या लागलेल्या असतात. क्वचित दोन जाती इतक्या जवळच्या असतात की हा तुकडा त्यांना वेगळं करू शकत नाही. त्यांतलं काय खरं, हे ठरवायला जुळलेल्या प्रत्येक नोंदीत जाऊन बघा: नमुना कुठून आला, तो कुठल्या संग्रहालयात क्रमांकासह ठेवला आहे का, ओळख कोणी केली, फोटो आहे का. ज्यांचा नमुना जपलेला नाही ती नोंद मी पुरावा म्हणून धरत नाही. उरलेल्या नोंदी घेऊन वंशवृक्ष काढा, १६एस हे दुसरं जनुकही जोडा. आणि तुमचा तुकडा प्रथिनात रूपांतरित करून मध्येच थांबण्याची खूण येते का बघा. कवचधारी प्राण्यांत सीओआयच्या निकामी प्रती केंद्रकात सापडतात आणि त्या खऱ्या म्हणून वाचल्या जातात.

पण डीएनएला कमी लेखू नका, जे शरीरावरून कधीच सुटलं नसतं ते त्याने सोडवलं आहे. १८२८ साली जॉन एडवर्ड ग्रे यांनी सेरॅटास्पिस मॉन्स्ट्रोसा नावाच्या एका विचित्र तरंगत्या प्राण्याचं वर्णन केलं. जाड कवच, शिंगांसारखे उंचवटे, बहुतेक नमुने माशांच्या पोटात सापडलेले. ते कशाचं तरी पिल्लू असावं हे लोकांनी ओळखलं होतं, पण कोणाचं ते १८४ वर्षं कळलं नाही. २०१२ मध्ये मेक्सिकोच्या आखातात मिळालेल्या एका नमुन्याचा डीएनए ताडला तेव्हा ते प्लेसिओपिनियस आर्मॅटस या खोल समुद्रातल्या मोठ्या लाल कोळंबीचं पिल्लू निघालं, तुमच्या अ‍ॅरिस्टियसच्याच कुलातल्या. आई आणि पिल्लू यांत एकही खूण सामाईक वाटत नाही. अटलांटिकच्या तळावरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी राहणाऱ्या रिमिकॅरिस एक्झोक्युलाटाच्या पिल्लांनाही एकदा स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळालं होतं, तेही डीएनएनेच सुधारलं.

मोडतोडीबद्दल दोन शब्द. ४०० मीटरवरून जाळं वर येताना हजारो प्राणी एकमेकांवर घासतात. लांब काटा मोडतो, पाय गळतात. मोडलेला काटा पुढच्या कात टाकण्यात आखूड आणि कमी दातांचा उगवतो. म्हणून दात मोजण्याआधी टोक अखंड आहे का ते बघा, आणि मोडलेलं असेल तर रकान्यात 'मोडका' लिहा, आकडा लिहू नका. लांबीही डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंतच घ्या. कल्ल्यांच्या झाकणावर एकाच बाजूला गोल फुगवटा दिसला तर आत बोपायरिड हा परजीवी आहे, तो कवचाचा आकार बिघडवतो. असा नमुना मोजमापातून वगळा. एकदा माझ्याच हाताखाली एका मुलाने असे तीन नमुने वेगळी जात म्हणून काढले होते. झाकण उचलल्यावर त्याचा चेहरा पडला, पण त्यानंतर कल्ले न उघडता त्याने एकही नोंद केली नाही.

इथवर येऊनही काही नमुने उरतील. तेव्हा मूळ वर्णन वाचा, आणि जमलं तर मूळ नमुना बघा. जातीचं नाव शेवटी एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं. वर्णन कितीही चुकलं तरी तो नमुना निर्णय देतो. आपल्या बाबतीत हे फार लांब नाही. इन्व्हेस्टिगेटर हे सर्वेक्षण जहाज १८८१ साली मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. त्यावर १८८८ पासून अल्फ्रेड अल्कॉक हे डॉक्टर-निसर्गशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे जेम्स वुड-मेसन यांनी बंगालच्या उपसागरातली, अंदमानची आणि अरबी समुद्रातली खोल पाण्यातली कोळंबी जगापुढे आणली. अल्कॉक यांची वर्णनात्मक यादी १९०१ ची आहे, आणि तिच्यातली शरीररचनेची वाक्यं आजही नमुना समोर ठेवून ताडता येतात. केरळच्या बंदरांवर या कोळंबीची व्यापारी मासेमारी १९९९ च्या अखेरीस सुरू झाली, म्हणजे नावं आधी आली, टोपल्या शंभर वर्षांनी. अल्कॉक आणि वुड-मेसन यांचे ते मूळ नमुने कोलकात्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे आहेत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेतही जाऊन या. एका दिवसात त्यांच्या बाटल्यांशेजारी तुमच्या बाटल्या ठेवून जे कळेल ते महिनाभर पुस्तकातून कळणार नाही.

आता त्या सात नमुन्यांचं. ऊतक एकाच कुशीकडून घ्या, पोहण्याच्या एका पायाचा तुकडा पुरतो, म्हणजे दुसरी कूस मोजायला शाबूत राहते. ९५ टक्के अल्कोहोल वापरा, चोवीस तासांनी बदला. फॉर्मॅलिन लावायचंच असेल तर ऊतक काढल्यावर, नाहीतर डीएनए गेला. लेबल बाटलीवर चिकटवू नका, जाड कागदावर पेन्सिलने लिहून आत टाका: तारीख, बंदर, बोटीवाल्याने सांगितलेली खोली आणि जागा, लिंग, गोळा करणाऱ्याचं नाव. बोटीवाल्याला खोली विचारताना घाई करू नका, चहा घेता घेता विचारा. तो वामांत सांगेल, एक वाम साधारण १.८ मीटर. जातीच्या जागी सध्या 'प्लेसिओनिका, जात अनिश्चित' एवढंच लिहा. आणि प्रत्येकाच्या डाव्या बाजूच्या तिसऱ्या पायाची नखी, काट्याची पूर्ण कूस आणि पायांच्या मुळाचा पाण्यात बुडवून काढलेला, असे तीन फोटो मला पाठवा. नखीच्या फोटोत मोजपट्टी हवी.